वळलेले देऊळ

वाचक माऊली, औंढा नागनाथाचे देऊळ आपण पाहिले असेल. पाहिले नसेल, तरी त्याची कथा कीर्तनातून ऐकली असेलच. नामदेवराय नागनाथासमोर कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना तिथून उठवले आणि देवळाच्या पाठीमागे जायला सांगितले. महाराज मुकाट्याने मागे गेले आणि तिथे नामाचा गजर सुरू केला. मग देऊळच फिरले आणि देवाने त्यांच्याकडे तोंड केले. नंदी देवासमोर असायचा तो इथे मागे कसा, असे कोणी विचारले की गावातली म्हातारी माणसे आजही हीच कथा सांगतात.

कथा खरी की खोटी, हा वाद मला इथे घालायचा नाही. सातशे वर्षे ती सांगावीशी का वाटली, हे मला महत्त्वाचे वाटते. दारात अडवलेल्या माणसाने बदलावे, असे ही कथा म्हणत नाही. दाराने जागा बदलावी, असे ती म्हणते. लहानपणापासून मी ती जातिभेदाच्या संदर्भात ऐकत आलो, आणि तो अर्थ खराच आहे. नामदेवराय शिंपी होते, म्हणून त्यांना उठवले गेले. पण काही वर्षांपूर्वी औंढ्यालाच मला तिचा आणखी एक अर्थ लागला. तो सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

आमच्या गावच्या भजनी मंडळात एक मृदंग वाजवणारे बुवा आहेत. जन्मापासून त्यांना दिसत नाही. एकदा मंडळ दर्शनाला औंढ्याला गेले. नागनाथाचे लिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात आहे, हे आपल्याला माहीत असेल. खाली जाण्याची वाट अरुंद, पायऱ्या उंच, अंग चोरून आणि वाकून उतरावे लागते. तिथे पोचल्यावर आमच्यातलाच एकजण बुवांना म्हणाला, "तुम्ही वरच बसा बुवा, आम्ही तुमच्या वतीने हात जोडतो." बोलणाऱ्याच्या मनात काळजीच होती. बुवा बरे म्हणाले. आम्ही दर्शन करून वर आलो तर बुवा बसलेल्या जागी नव्हते. देवळाच्या बाहेरच्या भिंतीशी उभे राहून ते दगडावरून हात फिरवत होते. आम्ही जवळ गेल्यावर म्हणाले, "इथं एक बाई आहे, कंबरेत वाकलेली. पायात काहीतरी घातलंय तिनं." आम्ही पाहिले. बाई होती, आणि पायात घुंगरू होते. मी त्या देवळात कितीतरी वेळा गेलो असेन, पण त्या घुंगरांकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते.

घरी येताना मनात एकच विचार घोळत राहिला. नामदेवरायांसाठी जे देऊळ वळले, त्याच देवळात आम्ही एका टाळकऱ्याला वरच बसवून ठेवले.

*

सज्जनहो, आपल्या संप्रदायाच्या कलांकडे इतिहासाच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट फार ठळक दिसते. कीर्तन, भजन, हरिपाठ, भारूड, पावली या सगळ्या कला ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी घडल्या. नामदेवरायांचा काळ १२७० ते १३५० मानतात. त्या काळी पोथी म्हणजे मोजक्या घरांतली वस्तू. शिंपी, माळी, कुंभार, सोनार, महार, न्हावी, दळणकांडण करणारी जनाबाई, यांच्यापर्यंत तत्त्वज्ञान पोचायचे तर ते कानावाटेच पोचणार होते. म्हणून अभंगाला ध्रुवपद आले. ते पुन्हा पुन्हा येते, सगळ्यांनी मिळून म्हणायचे असते, आणि नवख्या माणसाच्याही चार आवर्तनांत तोंडी बसते. मृदंगाचे शिक्षणही कागदावर नसून बोलांवर चालते. गुरू तोंडाने बोल म्हणतो, शिष्य तोंडाने म्हणतो आणि मग हात चालवतो. कीर्तनकार एक चरण घेतो, मागचे टाळकरी तो उचलतात. यात वाचायचे काहीच नाही.

याचा परिणाम असा, की अक्षर न येणारा शेतकरी आणि डोळे नसलेला माणूस टाळकऱ्यांच्या रांगेत एकाच पातळीवर आले. पोथी दोघांनाही बंद होती आणि अभंग दोघांनाही खुला होता. अंधांसाठी म्हणून कोणी वेगळी सोय केली नव्हती. सगळ्यांसाठी केलेल्या सोयीत अंधांची सोय आपोआप झाली. आपल्या मराठवाड्यात तर ही स्थिती फार उशिरापर्यंत टिकली. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि शिक्षणाची मुख्य भाषा उर्दू होती. मराठी अक्षर गिरवायला मिळणे दुर्मीळ होते, पण हरिपाठ पाठ नाही असा माळकरी सापडणेही दुर्मीळ होते. नर्सीच्या कयाधू नदीकाठी जी परंपरा जगली ती बहुतेक पाठांतरावरच जगली.

नर्सी हे नामदेवरायांचे जन्मगाव की पंढरपूर, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मी हिंगोली जिल्ह्यातला असल्यामुळे माझे मत काय असणार, ते आपण ओळखालच!

*

आता कूर्मदासांकडे वळू. संतचरित्रांत ते पैठणचे सांगितले आहेत. त्यांना हात नव्हते, पाय नव्हते. महिपतीबुवा ताहराबादकरांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त त्यांचे चरित्र आले आहे, आणि आपल्या फडांवर ते आजही रंगते. पैठणात कीर्तन चालले होते. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकला आणि कूर्मदास निघाले. कसे निघाले? पोटावर सरपटत. कीर्तनकार सांगतात, रोज एक कोस. वाटेत त्यांना जेवू घालायला पांडुरंगच वाण्याच्या रूपाने येत असे, असेही काही सांगतात. एकादशी जवळ आली तेव्हा ते लऊळपर्यंत पोचले होते. हे गाव कुर्डूवाडीजवळ, सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात आहे. पुढची वाट एकादशीच्या आत होणार नाही हे कळल्यावर त्यांनी यात्रेकरूंच्या हाती देवाला निरोप पाठवला. मग विठ्ठल, ज्ञानोबाराय आणि नामदेवरायांना बरोबर घेऊन लऊळला आले. वाटेत अरणला सावता महाराजांची भेट झाली ती याच प्रवासात, असे सांगतात. लऊळला कूर्मदासांचे मंदिर आहे, आणि वारकरी तिथे आवर्जून थांबतात.

या चरित्रातल्या तीन गोष्टींकडे आपले लक्ष वेधतो.

पहिली अशी, की कूर्मदासांना पंढरीची ओढ लावली ती कीर्तनाने. कीर्तन चालले होते तिथे त्यांना बसू दिले होते. ही बाब आपण सहज वाचून जातो. हात नाही, पाय नाही असा माणूस गावच्या कीर्तनात पोचला तो कोणाच्या तरी मदतीने पोचला असेल, आणि 'तू इथे कशाला' असे त्याला कोणी म्हटले नसेल. पुढचे सगळे चरित्र त्या एका जागेवर उभे आहे.

दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. मी जितक्या वेळा ही कथा ऐकली, तितक्या वेळा देव येतो, भेटतो, आलिंगन देतो. पण 'मागच्या जन्मी काय केलेस म्हणून असा झालास' असे तो एकदाही विचारत नाही. आपल्याकडे मात्र हे विचारले जाते. स्पष्ट विचारत नसतील, पण प्रारब्ध हा शब्द हळू आवाजात उच्चारला जातो, आणि तो त्या माणसाच्या कानावर पडतोच. आमच्या बुवांनी एकदा मला सांगितले, की त्यांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो एका सप्ताहात, पंगतीत, स्वतःबद्दल. तेव्हा त्यांचे वय आठ-नऊ वर्षांचे असेल.

तिसरी गोष्ट, वाट कोणी कमी केली? कूर्मदास जेवढे जमले तेवढे आले. उरलेली वाट देव चालला. औंढ्याच्या कथेत देऊळ वळते, लऊळच्या कथेत देव चालतो. दोन्ही कथांत नामदेवराय आहेत. हा योगायोग असेल, पण मला तो आवडतो.

*

मग सगळे ठीकच होते का? तसे म्हणता येत नाही. नाथमहाराजांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका, पांगळा ही सोंगे आहेत हे आपण जाणता. त्यांचा रोख देहावर नाही. हरी न पाहणारे डोळे ते आंधळे, नाम न घेणारी वाचा ती मुकी, असा त्यांचा भाव आहे. नाथांनी चपराक मारली ती डोळस माणसाला. पण भारूड रंगवणारा हल्ली काय करतो? डोळे मिटून काठी आपटतो, धडपडतो, लोक हसतात. त्या हसण्यात नाथांचा अर्थ कुठेतरी हरवतो. प्रेक्षकांत एखादा अंध बसलेला असतो, त्याला दिसत नाही म्हणून लोक नक्की कशाला हसले ते कळत नाही, पण आपल्यावरच हसले असावेत हे मात्र कळते. नाथमहाराजांनी तापल्या वाळवंटातले रडणारे पोर कडेवर उचलून घेतले, हे चरित्र सांगणाऱ्या आपण लोकांनी एवढा तरी विचार करावा. भारूड बंद करा असे मी म्हणत नाही. सोंग रंगवणाऱ्याने अर्थ आधी सांगावा आणि धडपडीचा विनोद कमी करावा, इतकेच मागणे आहे.

आणखी एक वळण इतिहासात आले, त्याकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. छापखाना आला. सरकारी मदतीने तुकोबारायांची गाथा 'इंदुप्रकाश' छापखान्यातून दोन भागांत, १८६९ आणि १८७३ मध्ये निघाली. नंतर ज्ञानेश्वरी, नामदेव गाथा, हरिपाठाच्या छोट्या पुस्तिका घरोघर गेल्या. हे फार मोठे काम झाले, त्यात शंका नाही. पण ज्या दिवशी शेतकऱ्याचा मुलगा पुस्तक उघडून वाचू लागला, त्या दिवशी रांगेतली ती बरोबरी मोडली. डोळस टाळकऱ्याच्या हाती आता पुस्तक होते. पाठांतर मागे पडले. 'पान नंबर अमुक' असे म्हणून अभंग सुरू होऊ लागला, आणि शेजारी बसलेला अंध टाळकरी गप्प झाला. एकाला पोथी उघडली आणि दुसऱ्याला ती पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने बंद झाली.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सांगतो. आमच्या मंडळात अभंगाचे पुस्तक मीच धरायचो. पान सांगायचो, पहिला चरण सांगायचो नाही. बुवा ठेका धरून बसायचे, आणि अभंग कोणता ते गाणे सुरू झाल्यावर त्यांना कळायचे. कित्येक वर्षे त्यांनी तक्रार केली नाही. एक दिवस फक्त म्हणाले, "माऊली, आधी नाव सांगत जा, म्हणजे हात तयार राहतो."

*

छापील अक्षर हाताने वाचायची वाट निघाली ती फ्रान्समध्ये. लुई ब्रेल १८०९ साली जन्मला, लहानपणी वडिलांच्या कारखान्यात इजा होऊन त्याची दृष्टी गेली. सैन्यात अंधारात वाचण्यासाठी बार्बिए नावाच्या अधिकाऱ्याने उठावाच्या टिंबांची एक लिपी केली होती. तिच्यावरून ब्रेलने सहा टिंबांची लिपी बांधली आणि १८२९ मध्ये तिचे पुस्तक प्रसिद्ध केले. सहा टिंबांतून त्रेसष्ट खुणा होतात. तो स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे, म्हणून त्याने अक्षरांबरोबर संगीताच्या खुणाही त्याच टिंबांत बसवल्या. ही बाब आपल्यासारख्या भजनी लोकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. लिपी करणारा वाजवणारा होता.

आपल्या देशात अंधांची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला निघाली. मुंबईत अमेरिकन मिशनने १९०० मध्ये, आणि पुढे १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल स्कूल निघाले. त्या काळी भाषागणिक वेगवेगळ्या टिंबलिप्या होत्या. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि 'क'ची टिंबे मराठीत, गुजरातीत, बंगालीत एकच झाली. पुढच्या वर्षी, १९५२ मध्ये मुंबईत 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड' स्थापन झाली. माऊलींच्या आळंदीत आज अंध मुलींची निवासी शाळा आहे. इंद्रायणीच्या गावात मुली बोटांनी वाचतात.

पण ब्रेलची एक अडचण आहे. ते कागद जाड लागते आणि पुष्कळ लागते. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या टिंबांत उतरवायच्या तर अनेक जाड खंड होतात. ते वारीत काखेत घेऊन चालता येत नाही. म्हणून आजच्या अंध वारकऱ्याला कानाला लावायचा फोन जास्त उपयोगी पडतो. फोन अक्षर वाचून दाखवतो. काळ फिरून पुन्हा कानापाशी आला आहे, असे मला कधी कधी वाटते.

या सगळ्याच्या मध्ये एक जीवन येऊन गेले. गुलाबराव महाराजांचे नाव आपण जाणताच. १८८१ मध्ये अमरावती जिल्ह्यात कुणब्याच्या घरी जन्म. वयाच्या नवव्या महिन्यात दृष्टी गेली. १९१५ मध्ये पुण्यात देह ठेवला, वय अवघे चौतीस. स्वतःला ज्ञानेश्वर माऊलींची कन्या म्हणवणाऱ्या या महापुरुषाच्या नावावर शंभरावर ग्रंथ आहेत. वेदान्त, भक्ती, काव्य, आयुर्वेद, किती विषय! त्यांना लोक प्रज्ञाचक्षु म्हणतात. आपण कौतुकाने तो शब्द उच्चारतो आणि पुढे जातो. मला मात्र एका गोष्टीचे जास्त वाटते. त्यांच्या जवळ ग्रंथ वाचून दाखवणारी माणसे होती आणि त्यांचे बोलणे लिहून घेणारी माणसे होती. त्यांनी तासन्‌तास वाचले आणि लिहिले म्हणून आपल्याला ते ग्रंथ मिळाले. माऊलींनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, ही परंपरा आपली आहेच. वाचक, लेखक, सोबती हे पद आपल्याकडे नवे नाही. आज एखाद्या अंध मुलाला कीर्तन शिकायचे असेल तर असा कोण सोबती त्याला मिळतो, हा प्रश्न मात्र नवा आहे.

गुलाबराव महाराजांच्या आधी नऊ वर्षे, १८७२ मध्ये कुरुंदवाडला विष्णू दिगंबर पलुस्कर जन्मले. वडील कीर्तनकार होते. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी अधू झाली. शाळेची वाट अवघड झाली म्हणून त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला ठेवले. पुढे १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातले गाणे त्यांनी शाळेत आणले, ज्याला शिकायचे त्याला शिकू दिले, आणि ते लिहून ठेवण्याची पद्धत बसवली. डोळे अधू झालेल्या माणसाने ही लेखनपद्धती तयार करावी, याचे मला नेहमी नवल वाटते.

वरोऱ्याच्या आनंदवनात 'स्वरानंदवन' नावाचा वाद्यवृंद आहे. त्यात न दिसणारे गातात, न ऐकू येणारे नाचतात, कुबड्या घेतलेले रंगमंचावर येतात. त्यांचा कार्यक्रम ज्यांनी पाहिला असेल त्यांना मी काही सांगायला नको.

*

वाचकहो, आता एक अवघड बाब. आपल्या कला अंधांना मोकळ्या आहेत, असे मी वर म्हटले. पण बहिऱ्यांचे काय?

नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवण. कीर्तन दुसरी. आपले सगळे वैभव कानावर उभे आहे. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यापर्यंत आपण सातशे वर्षांत कितीसे पोचलो? मला प्रामाणिकपणे सांगावे लागते, की फार थोडे. मुंबईत मूकबधिरांची शाळा १८८५ च्या सुमारास निघाली. भारतीय सांकेतिक भाषेचा पहिला शासकीय शब्दकोश निघाला तो २०१८ मध्ये, आणि २०२१ पर्यंत त्यात दहा हजार शब्द झाले. हात हलवून बोलण्याची ही पूर्ण भाषा आहे, नुसत्या खाणाखुणा नव्हेत. तिच्यातून कीर्तनाचे निरूपण सांगता येते. कीर्तनकाराच्या शेजारी एक जण उभा राहून ते हातांनी सांगू शकतो. खर्च फारसा नाही, पण आपल्याला ते सुचले नाही.

आणि आपल्याकडे डोळ्यांची कला कमी आहे असेही नाही. पावली आहे, फुगडी आहे, गोल रिंगणात धावणारा अश्व आहे, पताकांची लाट आहे. मृदंगाचा ठेका कानाला ऐकू आला नाही तरी समोरच्या दोनशे पायांत दिसतो. शिवाय तो जमिनीतूनही येतो. दिंडी पावलीला उभी राहिली की पायाखाली जमीन कशी घुमते, हे आपण अनुभवले आहे.

आता कायद्याविषयी थोडे, कारण त्याची बातमी आपल्या फडांपर्यंत फारशी आलेली नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत. त्याचे कलम २९ सांस्कृतिक जीवनाविषयी आहे. दिव्यांग कलावंत आणि लेखकांना सोयी व साहाय्य द्यावे, कला त्यांच्यापर्यंत पोचेल अशी करावी, कलाशिक्षणाचे अभ्यासक्रम त्यांना भाग घेता येईल असे नव्याने बांधावेत, अशी जबाबदारी त्याने सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे. म्हणजे नगरपरिषदेवरसुद्धा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दिव्यांग व्यक्तींची संख्या २९ लाख ६३ हजारांवर नोंदली गेली. हिंगोली जिल्ह्याची एकूण लोकसंख्या त्याच जनगणनेत ११ लाख ७७ हजार होती. म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे अडीच जिल्हे भरतील एवढी ही माणसे आहेत. आपल्या दिंडीत त्यांच्यातले किती दिसतात, ते आपणच मोजून पाहा.

कायद्याने उतार बांधता येतो. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, तेव्हाही लढा दाराचा होता. पण दार उघडल्यावर आत कोण कोणाच्या शेजारी बसतो, ते कायदा ठरवत नाही. महाद्वारातली नामदेव पायरी आपण कपाळ टेकवून ओलांडतो. भक्तांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून महाराज तिथे राहिले. चाकाच्या खुर्चीवरचा वारकरी तिथे येतो तेव्हा त्याच्या चाकांची धूळ महाराजांना नकोशी होत असेल, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल का?

आमच्या मंडळाने फार मोठे काही केले नाही. अभंग सुरू करायच्या आधी पहिला चरण मोठ्याने सांगतो. कोणी उठले, कोणी आले, तर नाव घेऊन सांगतो, म्हणजे बुवांना समोर कोण आहे ते कळते. सप्ताहाच्या मांडवात टाळकऱ्यांच्या रांगेच्या टोकाला एक खुर्ची मावेल एवढी जागा मोकळी ठेवतो, मांडवाच्या मागे नाही. काल्याच्या कीर्तनाला मंचापर्यंत फळीचा उतार टाकतो. फळी गावातल्याच एका सुताराने दिली. बुवा आता गावातल्या दोन पोरांना मृदंग शिकवतात. ती पोरे डोळस आहेत, आणि बुवा त्यांना वही आणू देत नाहीत. पोरे कुरकुर करतात.

आणि औंढ्याला आम्ही पुन्हा गेलो. या वेळी कोणी बुवांना वर बसा म्हटले नाही. एक जण पुढे, एक जण मागे, प्रत्येक पायरीची उंची आधी तोंडाने सांगत, त्यांना खाली नेले. वेळ लागला. मागची रांग थांबली, दोन-चार जण कुरकुरलेही. पिंडीवर हात ठेवल्यावर बुवा बराच वेळ काही बोलले नाहीत. वर आल्यावर म्हणाले, "थंड आहे." आम्ही तर ते कधी सांगितलेच नव्हते त्यांना.

आषाढी झाल्यावर वद्य एकादशीला नर्सीत परतवारीची गर्दी असते, हे आपल्याला माहीत आहे. गेल्या खेपेस तिथे एका झाडाखाली आमचे भजन चालले होते. एका बाईंबरोबर दहा-बारा वर्षांचा मुलगा होता. त्याला ऐकू येत नाही, असे बाईंनी आपणहून सांगितले आणि त्याला मागे ओढू लागल्या. मुलगा हलेना. तो बुवांच्या बोटांकडे बघत होता. कोणीतरी बुवांच्या कानात सांगितले. बुवांनी हात पुढे केला, चाचपून मुलाचा तळवा धरला आणि मृदंगाच्या खोडावर मधोमध ठेवला. मग म्हणाले, "माऊली, अभंग कोणता?" मी पहिला चरण सांगितला आणि त्यांनी ठेका धरला.